जुनी फियाट विकत घेताना : आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

मुंबईतील शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ. कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी ठरलेली वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या फियाटचा जमाना संपला. गंमत अशी की, ही गाडी रस्तोरस्ती दिसत होती तोवर तिला कोणी विचारत नव्हते. ती दिसेनाशी होताच शौकीन लोक तिच्या शोधात फिरू लागले. इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली खाजगी फियाट आता भंगारवाल्याऐवजी शौकिनाच्या हाती जाऊ लागली आहे.

आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग, कुशन, रेडिएटर आणि वायरिंगच्या कामावर पेटते. त्यामुळे हा शौक दुसऱ्याचा असला तरी धंदा आपला आहे. कारागिराकडे अशी गाडी दोन वाटांनी येते. एक तर तो स्वतःच पैसे घालून गाडी घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. किंवा एखादे गिऱ्हाईक म्हणते, ‘उस्ताद, मला एक चांगली जुनी फियाट बघून द्या, पैशांची काळजी करू नका.’ दोन्ही वाटांवर घात होतो तो एकाच ठिकाणी. आपला मिस्त्री गाडीजवळ जातो आणि आधी बॉनेट उघडतो. इंजिन ही त्याच्या हातातील विद्या असल्याने नजर तिकडेच जाते. पण इंजिन बिघडलेले असले तरी ते करता येते. जे आपल्या हातात नाही ते आधी पाहिले पाहिजे, आणि ते आहे कागद. त्याखालोखाल पत्रा.

उदाहरणादाखल असे समजू की, मावळात वराळे येथे एका कारागिराचे लहानसे गॅरेज आहे. तळेगाव-चाकण रस्ता जवळ, त्यामुळे रोजचे काम टेम्पो, पिकअप आणि कंपनीत जाणाऱ्या लोकांच्या गाड्यांचे. त्याला मुंबईत उभी असलेली एक फियाट सुचवण्यात आली आहे. ती घ्यावी की नाही, आणि घेतली तर घाट चढवून वराळ्यापर्यंत कशी आणावी, हे क्रमाने पाहू.

ही गाडी कोणती?

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. फियाट ११०० येथे १९५४ पासून होऊ लागली. सुरुवातीच्या गोल नाकाच्या फियाटला बाजारात जे नाव पडले आहे ते येथे लिहिण्याची गरज नाही, सर्व मिस्त्रींना ते ठाऊक आहे! १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली, १९७३ मध्ये तिचे नाव ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ पासून ‘प्रीमिअर पद्मिनी’. हीच गाडी थोड्याफार फरकाने शतक संपेपर्यंत चालली. चार सिलिंडर, १०८९ सी.सी.चे इंजिन, ६८ मि.मी. बोअर, ७५ मि.मी. स्ट्रोक, स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा, मागे पाटे. एकच यंत्र दशकानुदशके बनत राहिल्यामुळे त्याचे काम जाणणारे हात अजून शिल्लक आहेत आणि इंजिनचे सामानही मिळते. म्हणूनच म्हटले की, इंजिनची भीती बाळगू नये.

कागद

विकणारा सांगतो, ‘कागद ओके आहेत, आर.सी. बुक आहे.’ आर.सी. बुक हातात असणे आणि गाडी जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १९८२ च्या गाडीची नोंदणी शेवटची केव्हा वाढवली होती, हा पहिला प्रश्न विचारावा. बऱ्याच वेळा उत्तर मिळते की, ‘वडील होते तोपर्यंत करत होते.’

मुदत संपलेली गाडी पुन्हा नोंदवता येते, पण खर्च किरकोळ नाही. ऑगस्ट २०२५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी १० हजार रुपये केली आहे. त्यापूर्वी एप्रिल २०२२ मध्ये ती ६०० वरून ५ हजारांवर नेण्यात आली होती. उशीर झाल्यास दर महिन्याचा ५०० रुपये दंड वेगळा. त्याशिवाय महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आहे. एकूण किती रुपये भरावे लागतील हा आकडा सौदा ठरवण्याआधी कार्यालयातून काढून घ्यावा आणि तो गाडीच्या किमतीतून वजा करण्याची मागणी करावी. यात लाजण्यासारखे काही नाही.

मुदत संपलेली नोंदणी आणि रद्द झालेली नोंदणी यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्या मालकाने पूर्वी गाडी भंगारात काढल्याचे लिहून देऊन नोंदणी रद्द करून घेतली असेल, तर ती गाडी रस्त्यावर परत येणार नाही, मग तिचे इंजिन घड्याळासारखे का चालेना. अशी गाडी फक्त सुट्या भागांच्या भावाने घ्यावी. जुन्या टॅक्सीच्या बाबतीत ही शंका पहिल्यांदा घ्यावी.

महाराष्ट्रात ‘एम.एच.’ नंबर येण्यापूर्वी, म्हणजे १९८९ च्या आधी, तीन अक्षरांचे नंबर होते. शौकीन लोक अशा मूळ नंबरासाठी जादा पैसे देतात. पण त्या काळच्या नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरात आहेत आणि पुष्कळदा ‘वाहन’ या संगणक प्रणालीत चढलेल्याच नाहीत. मोबाइलवर नंबर टाकला आणि काहीच आले नाही, तर गाडी खोटी आहे असे समजू नये आणि खरी आहे असेही समजू नये. ज्या कार्यालयात मूळ नोंद आहे तेथे जाऊन ती चढवून घेण्याचे काम विकणाऱ्याने करून द्यावे आणि त्यानंतरच उरलेले पैसे द्यावेत, अशी अट घालावी. एकदा पैसे मोजले की खेपा आपल्याच नशिबी येतात.

आर.सी. बुकात कर्जाचा शेरा आहे का, हेही पाहावे. चाळीस वर्षांपूर्वीचे कर्ज फिटलेले असते, परंतु शेरा तसाच राहिलेला असतो. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ याशिवाय तो निघत नाही. बँक आज त्या नावाने नसेल तर ती कोणात विलीन झाली ते शोधावे लागते. उदाहरणार्थ, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत गेली. तिचा शेरा असेल तर पत्र आयडीबीआयकडून आणावे लागेल.

मूळ मालक वारला असेल तर पहिल्यांदा गाडी वारसाच्या नावावर झाली पाहिजे (नमुना ३१), आणि इतर वारसांचे संमतीपत्र घेतले पाहिजे. मोठा भाऊ विकतो आणि सहा महिन्यांनी धाकटा भाऊ गॅरेजच्या दारात उभा राहतो. तोपर्यंत गाडीत आपले पैसे शिरलेले असतात.

आता या धंद्यातील सर्वांत वाईट सवयीकडे येऊ. सही केलेले कोरे नमुना २९ आणि ३० घेऊन गाडी या हातातून त्या हातात फिरते आणि पुस्तकात नाव पहिल्याच मालकाचे राहते. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले आहे की, गाडी कितीही हातांतून गेली तरी पुस्तकात ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. म्हणून विकतानासुद्धा नाव बदलून झाल्याशिवाय निश्चिंत होऊ नये. मुंबईची गाडी वराळ्याला आणली तर ती पिंपरी-चिंचवड कार्यालयाच्या (एम.एच.-१४) हद्दीत येते. राज्य एकच असल्याने नंबर बदलावा लागत नाही. परराज्यातील गाडीला मात्र ना-हरकत (नमुना २८), येथील कर आणि नवा नंबर हे सारे लागते, आणि मूळ जुन्या नंबराची शान जाते ती वेगळीच.

शेवटी पुस्तकातील चासी व इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरील नंबरांशी जुळवावेत. कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढावा. एखादा आकडा घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्या जागी नवा पत्रा जोडलेला दिसला, तर तेथूनच सलाम करून परत फिरावे. दोन मोडक्या गाड्यांची मिळून एक करणे हे कारागिराचे कसब आहे. एकीचा नंबर कापून दुसरीवर लावणे हा गुन्हा आहे. गिऱ्हाईक कितीही गोड बोलले तरी हे काम अंगावर घेऊ नये.

पन्नास वर्षांवरील गाडी

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी व मोटारींसाठी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली. तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीची फी २० हजार, पुढील नोंदणीची ५ हजार आणि मुदत दहा वर्षे. १९७४ च्या पहिल्या पद्मिनीने २०२४ साली पन्नाशी गाठली, म्हणजे डिलाइट आणि प्रेसिडेंट तर या सदरात आल्याच.

अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन बदललेले नसावे. मधल्या काळात पुष्कळ फियाटींची मूळ इंजिने काढून डिझेलची किंवा दुसऱ्या कंपनीची इंजिने बसवण्यात आली. त्यावेळी ती अक्कल होती, आज तोच ऐब आहे. मूळ इंजिन कोपऱ्यात पडलेले असेल तर ते गाडीबरोबर मागून घ्यावे, जाम असले तरी.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. लोणावळ्याच्या रिसॉर्टमध्ये लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊ, असा हिशेब मनात धरून कोणी गाडी घेत असेल तर त्याचा हिशेब चुकला आहे. साध्या खाजगी नोंदणीवरही भाड्याचा धंदा करता येत नाहीच.

पत्रा

जीप किंवा ट्रकला खाली स्वतंत्र चासी असते. फियाटला ती नाही. तळ, दरवाज्याखालच्या पेट्या, खांब आणि छप्पर मिळून गाडी उभी राहते. त्यामुळे जीपचा तळ सडला तर पत्रा बदलून भागते; फियाटच्या पेट्या सडल्या तर गाडीचा कणाच गेला. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचे पावसाचे पाणी यांनी हेच ठिकाण आतून खाल्लेले असते.

पाहणीला जाताना कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, पेचकस, टॉर्च आणि जॅक बरोबर असावा. चुंबक जेथे चिकटत नाही तेथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे. पायाखालची मॅट आणि रेक्झिन उचलून तळ पाहावा. डिकीतील स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या काचेचे खालचे कोपरे, दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि मागचे पाटे जेथे बॉडीला बसतात ती जागा, या सर्व ठिकाणी पेचकसाने टोचून पाहावे. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्यावा. खालून नुकतेच डांबर किंवा काळा रंग मारलेला असेल तर तेथे आणखी जोराने टोचावे!

मग चारही दरवाजे बंद करून एका बाजूने जॅक लावावा. गाडी उचलली जात असताना दरवाजा अडकू लागला किंवा दरवाज्याची फट एका टोकाला मिटू लागली, तर पेटीत जीव उरलेला नाही. जॅक वर जातो पण गाडी उचलली न जाता पत्राच आत दबतो, असेही होते. अशा वेळी इंजिन सुरू करून बघण्याचेही कारण नाही.

पेट्या बदलण्याचे काम अशक्य नाही, पण ते शिकावूने करायचे नव्हे. जुनी पेटी कापण्यापूर्वी दरवाज्याच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी टेकू वेल्डिंगने धरावेत आणि एका वेळी एकच बाजू कापावी. टेकू न लावता दोन्ही बाजू कापल्या तर गाडी मधोमध बसते, आणि मग एकही दरवाजा जन्मात लागत नाही. जाड पाटी ठोकून वरून लांबी भरणे हे गिऱ्हाइकाला पहिल्या पावसाळ्यापर्यंतच फसवू शकते.

इंजिन आणि राहिलेले सामान

इंजिनबाबत थोडक्यात. ऑइलची कांडी काढून पाहावी. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे. सुरू होत असेल तर थंड असतानाच सुरू करावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी आत जाते. टॅपेटची टकटक आणि खालून येणारी जड ठोक यांतला फरक आपल्या वाचकांना शिकवायला नको. ‘इंजिन चालू होतं, फक्त बॅटरी उतरली आहे,’ या वाक्याची किंमत शून्य धरावी आणि इंजिन पूर्ण उघडावे लागेल असे समजूनच भाव करावा.

त्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे ते किरकोळ दिसणाऱ्या सामानाकडे. ग्रिल, बंपर, दिव्यांच्या कड्या, चाकांच्या वाट्या, मीटर, दरवाज्यांच्या मुठी, काचा, नावाच्या पट्ट्या. पिस्टन-रिंगा दुकानात मिळतील. त्या सालची ग्रिल शोधता शोधता एक वर्ष जाईल. पुण्यात नाना पेठेतील दुकाने, बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला येथे फिरावे लागते आणि मिळालेल्या वस्तूचा भाव विकणारा आपल्या चेहऱ्याकडे बघून ठरवतो. म्हणून गाडीवर काय आहे आणि काय नाही याची यादी सौद्याच्या दिवशीच करावी. मालकाच्या माळ्यावर, गॅलरीत एखादी पेटी पडून आहे का, हेही विचारावे. घरच्या माणसांना ते भंगार वाटते.

हिशेब

आता आकडे मांडू. हे आकडे हिशेबाची रीत समजण्यासाठी आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नयेत. समजा गाडी ९० हजारांना घेतली. आणणावळ १५ हजार, कागद २५ हजार, पत्र्याचे काम ६० हजार, इंजिन ४५ हजार, ब्रेक व टायर ३० हजार, वायरिंग व कुशन ३५ हजार, रंग ५० हजार. बेरीज ३ लाख ५० हजार. म्हणजे विकत घेण्याची रक्कम एकूण खर्चाच्या जेमतेम चौथा हिस्सा. ‘दहा हजार कमी केले’ या आनंदात राहणाऱ्याने ही बेरीज दोनदा वाचावी. वर्षभर अडकलेली जागा आणि मिस्त्रीचे स्वतःचे दिवस यांत धरलेले नाहीत.

गाडी ३ लाख ८० हजारांना विकली, तर वरवर ३० हजार सुटले. पण कारखानदार किंवा दुकानदार म्हणून जी.एस.टी. नोंदणी असेल तर पुढे ऐका. जानेवारी २०२५ पासून जुन्या मोटारींच्या विक्रीवर नोंदणीकृत व्यापाऱ्याला १८ टक्के कर आहे. तो पूर्ण किमतीवर नसून खरेदी आणि विक्री यांतील फरकावर लागतो. दुरुस्तीचा खर्च या फरकातून वजा होत नाही. ९० हजार आणि ३ लाख ८० हजार यांतील फरक २ लाख ९० हजार, त्याचे १८ टक्के ५२ हजार २०० रुपये. गिऱ्हाईक हा कर वर द्यायला तयार नसेल तर ते ३० हजार तर जातातच, उलट पदरचे घालावे लागतात. सुट्या भागांवर भरलेल्या कराची वजावट कितपत मिळेल, हे आपल्या कर सल्लागाराला गाडी घेण्यापूर्वी विचारावे. विकल्यानंतर विचारून उपयोग नाही.

जुन्या गाड्या घेऊन विकणे हाच नियमित धंदा करायचा असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून आर.टी.ओ.चे अधिकृत विक्रेता म्हणून प्रमाणपत्र लागते, आणि गाडी ताब्यात आल्याची सूचनाही त्या कार्यालयाला द्यावी लागते. तसेच २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास मनाई आहे. बाकी काही नाही तरी चेकने किंवा बँकेतून दिलेले पैसे हा पुरावा राहतो.

आमचे मत विचाराल तर, लहान गॅरेजवाल्याने स्वतःचे भांडवल गाडीत घालण्यापेक्षा शौकिनाची गाडी मजुरीने करून द्यावी. भांडवल त्याचे, कसब आपले. मात्र काम ‘ठोक’ घेऊ नये. बंद गाडीच्या पोटात काय आहे हे उघडल्याशिवाय कोणालाच कळत नाही. पत्रा, इंजिन, रंग असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा अंदाज कागदावर द्यावा, सामानाचे पैसे आगाऊ घ्यावेत, गाडी आत घेताना यादीवर मालकाची सही घ्यावी. आणि पैसे थांबले तर किती दिवसांनी जागाभाडे सुरू होईल तेही त्याच कागदावर लिहावे. अर्धवट उघडलेली गाडी ठेवून साहेब परदेशी गेले आणि चार वर्षे गॅरेजची एक जागा अडली, असे प्रकार या धंद्यात नवे नाहीत.

घाट चढवून आणणे

सौदा झाला. आता गाडी मुंबईहून वराळ्याला यायची आहे. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण मध्ये बोरघाट आहे. इंजिन सुरू झाले म्हणून गाडी चालवत आणण्याचा मोह होतो, विशेषतः तरुण शागिर्दांना. आठ-दहा वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे व्हील सिलिंडर जाम असतात, होजपाइप आतून फुगलेले असतात, रेडिएटर गाळाने भरलेला असतो. खोपोली सोडून चढण लागली की पहिल्या काही वळणांतच पाणी उकळते. शिवाय नोंदणी व विमा संपलेली गाडी रस्त्यावर आणणेच बेकायदा आहे.

टोचन लावून आणण्याचाही विचार करू नये. नियमाप्रमाणे दोन गाड्यांतील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे आणि वेग ताशी चोवीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असावा. या वेगाने घाटात मागून येणाऱ्या ट्रकांसमोर दोरीला बांधलेली, ब्रेक नसलेली गाडी घेऊन जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. गॅरेजपासून शेजारच्या गल्लीत नेण्यापुरते टोचन ठीक.

सपाट पाठीची क्रेन किंवा रॅम्प असलेला टेम्पो ठरवावा. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या गर्दीत वाहन अडकते, म्हणून मधला वार घ्यावा आणि पहाटे निघावे. जोराच्या पावसाचे दिवस टाळावेत. पेट्रोल काढून टाकावे, बॅटरी उतरवावी. गाडी चढवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत आणि बिल्टीवर गाडीची स्थिती लिहून घ्यावी. पट्टे अ‍ॅक्सलला आणि स्प्रिंगच्या जागी बांधावेत. बंपरला किंवा सडलेल्या पत्र्याला बांधलेला पट्टा बंपर घेऊनच सुटतो. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेकच्या भरवशावर राहू नये. सुट्या काचा, वाट्या, पट्ट्या खोक्यांत भरून केबिनमध्ये ठेवाव्यात. आर.सी. बुक गाडीत न ठेवता आपल्या खिशात ठेवावे. प्रवासापुरता विमा मिळतो, तोही घ्यावा.

गाडी उतरवल्यानंतर

वराळ्यात लोणावळ्याइतका पाऊस नसला तरी मावळची ओल ती ओलच. गाडी मातीवर उभी करू नये. सिमेंटचा कोबा आणि डोक्यावर पत्रे असलेली जागा आधी तयार असावी. गाडी लोखंडी स्टँडवर घेऊन चाके काढावीत. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन साल. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर रस्त्यासाठी वापरू नये. या गाडीचे माप ५.२०-१४ आहे, ते मागवण्यास वेळ लागतो, तेव्हा मागणी लवकर नोंदवावी.

पहिले काम ब्रेकचे. चारही ड्रम उघडावेत, सिलिंडर, रबरे आणि पाइप नवे घालावेत. ज्या गाडीला थांबता येत नाही तिला चालू करण्याची घाई कशाला?

त्यानंतर पेट्रोलची टाकी. जुने पेट्रोल आत डिंकासारखे झालेले असते आणि तळाला गंज असतो. टाकी उतरवून धुवावी. टाकीला भोक असेल तर ती नीट धुऊन, पाण्याने भरून वाफ पूर्ण घालवल्याशिवाय तिच्याजवळ वेल्डिंगची किंवा डाग देण्याची ज्योत नेऊ नये. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. २०२५ पासून पंपावर सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. जुन्या काळचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग त्यासाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, चिरतात, आणि गळती गरम इंजिनवर होते. इथेनॉल हवेतील ओलही ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पेट्रोल भरून ठेवू नये. पाइप व पडदे इथेनॉल सोसणारेच मागून घ्यावेत.

इंजिनची पाळी यानंतर. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे थोडे ऑइल सोडावे आणि एक-दोन दिवस तसेच राहू द्यावे. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे एक चाक हाताने फिरवावे, किंवा पुलीला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवून पाहावे. अडले तर जोर न करता पुन्हा ऑइल सोडून थांबावे. स्टार्टरने झटका दिला की चिकटलेली रिंग तुटते आणि सिलिंडरला चरा पडतो. इंजिन मोकळे फिरू लागल्यावर ऑइल व फिल्टर बदलावे, प्लग न लावताच स्टार्टर फिरवून ऑइलचे प्रेशर वर आल्याची खात्री करावी, आणि मग बाटलीतून चांगले पेट्रोल देऊन पहिला सेल्फ मारावा.

नोंदणी वाढवण्यासाठी गाडी आर.टी.ओ.ला दाखवावी लागते. विमा उतरवला नसेल तर त्या दिवशीसुद्धा ती चालवत नेऊ नये. जी क्रेन मुंबईहून आली तिचाच नंबर जपून ठेवावा.